पुण्यातून जर्मनीला एक्स्चेंज वर्षासाठी जाताना: कोणतं काम कशाआधी करायचं

पुण्यातल्या कॉलेजांतून एक-दोन सेमिस्टरसाठी जर्मनीतल्या विद्यापीठात एक्स्चेंजवर जाणाऱ्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईबाबांसाठी हे लिहिते आहे. मी इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष तिकडे केलं. आता दर वर्षी ज्युनिअर्सचे फोन येतात. व्हिसाला किती दिवस लागतात, पैसे किती दाखवायचे, थंडीचे कपडे कुठून घ्यायचे, असे प्रश्न असतात. प्रश्न अगदी योग्य असतात, पण ज्या कामाला सगळ्यात आधी हात घालायला हवा त्याबद्दल फार थोडे जण विचारतात.

या सगळ्या प्रकरणात प्रत्येक कागद दुसऱ्या कागदासाठी अडून असतो. विषय ठरल्याशिवाय लर्निंग अग्रीमेंट, म्हणजे तिकडे घेतलेले विषय इकडे कशाच्या जागी धरायचे याचा लेखी करार, होत नाही. तिकडच्या विद्यापीठाचं पत्र आल्याशिवाय व्हिसाचा अर्ज पूर्ण होत नाही. पत्ता असलेली खोली नसेल तर पोहोचल्यावर महापालिकेत नोंदणी होत नाही, आणि नोंदणीवाचून पुढची बरीच कामं खोळंबतात. म्हणून खालच्या पायऱ्या मी कामं ज्या क्रमाने करावी लागतात त्याच क्रमाने मांडल्या आहेत.

एक गोष्ट आधीच सांगते. पूर्ण पदवीसाठी जर्मनीला जाणं आणि एक्स्चेंजवर जाणं यांत मोठा फरक आहे. एक्स्चेंजमध्ये तुम्ही पुण्याच्या कॉलेजचेच विद्यार्थी राहता. फी इथे भरता, पदवी इथली मिळते. तिकडे करारानुसार शिकवणी फी माफ असते, फक्त सेमिस्टरची ठरावीक वर्गणी द्यावी लागते. तुमची निवडही तुमचं कॉलेजच करतं. त्यामुळे कन्सल्टंटला पैसे देण्याची काहीही गरज नाही. त्याचं काम तुमच्या कॉलेजचा आंतरराष्ट्रीय कक्ष फुकट करतो, आणि जे तो करत नाही ते कन्सल्टंटच्याही हातात नसतं.

१. दोन्हीकडची वेळापत्रकं शेजारी ठेवा

जर्मन विद्यापीठांचं हिवाळी सेमिस्टर १ ऑक्टोबर ते ३१ मार्च आणि उन्हाळी सेमिस्टर १ एप्रिल ते ३० सप्टेंबर असं असतं. प्रत्यक्ष लेक्चर्स ऑक्टोबरच्या आणि एप्रिलच्या मध्याला सुरू होतात, आणि परीक्षा लेक्चर्स संपल्यावर, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि जुलै-ऑगस्टमध्ये होतात. आता पुण्याचं वेळापत्रक आठवा. आपलं विषम सेमिस्टर जुलैच्या आसपास सुरू होऊन डिसेंबरपर्यंत चालतं आणि सम सेमिस्टर जानेवारीत उघडतं.

दोन्ही शेजारी ठेवली की लक्षात येतं की फक्त हिवाळी सेमिस्टरसाठी गेलात तरी पुण्याची दोन्ही सेमिस्टर्स तुटतात. जुलैत सुरू झालेलं सेमिस्टर अर्ध्यात सोडावं लागतं आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये परत याल तेव्हा पुढच्याचे दोन महिने उलटलेले असतात. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की जमत असेल तर पूर्ण वर्षच जावं. कागदपत्रं दोन्हींना जवळपास तेवढीच लागतात, आणि सहा महिन्यांचा मुक्काम पुष्कळदा इकडचं वर्षच बिघडवून जातो.

तिसऱ्या वर्षी जाणाऱ्यांसाठी दुसरी अडचण प्लेसमेंटची आहे. अनेक कॉलेजांत अंतिम वर्षाच्या मुलांसाठी कंपन्या जुलै-ऑगस्टमध्येच येऊ लागतात, आणि नेमक्या तेव्हा तुमच्या तिकडच्या परीक्षा चालू असतात. निघण्याआधी प्लेसमेंट सेलला भेटा. ऑनलाइन टेस्ट देता येईल का, नोंदणी बाहेरून करता येईल का, हे ईमेलवर विचारून ईमेलवरच उत्तर घ्या.

कॉलेजमधली निवड साधारण आदल्या वर्षीच्या हिवाळ्यात होते. कॉलेज तुमचं नाव उन्हाळ्यात तिकडे कळवतं आणि मग तुम्ही होस्ट, म्हणजे तिकडच्या यजमान विद्यापीठाच्या पोर्टलवर अर्ज भरता. ऑक्टोबरला जायचं असेल तर आदल्या ऑक्टोबरला कामाला लागा. केटी राहिली असेल तर ती त्याआधी काढा, कारण बहुतेक कॉलेजं बॅकलॉग असलेल्यांना पाठवत नाहीत.

२. क्रेडिट्स: सगळ्यात मोठं काम, आणि ते पुण्यातच आहे

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घेणार आहे. परत आलेल्या मुलांचं वर्ष वाया जातं ते बहुतेक वेळा इथेच. तिकडे अभ्यास करून, पास होऊन आलेल्या मुलाला इकडे ‘हा विषय आपल्याकडच्या विषयाशी जुळत नाही’ असं ऐकावं लागतं आणि परीक्षा पुन्हा द्यावी लागते. हे टाळता येतं.

जर्मन विद्यापीठांमध्ये प्रत्येक अभ्यासक्रमाचं एक मोडूलहांडबुख असतं. त्यात प्रत्येक विषयाचा आशय, शिकवण्याची भाषा, तो कोणत्या सेमिस्टरला असतो, परीक्षा लेखी की तोंडी, आणि किती ईसीटीएस, म्हणजे युरोपातली क्रेडिट्स, मिळतात, हे सगळं दिलेलं असतं. ते विद्यापीठाच्या वेबसाइटवर मिळतं. ते उतरवून घ्या आणि आपला सिलॅबस शेजारी ठेवून युनिटनुसार जुळवणी करा. विषयाच्या नावावर जाऊ नका. नाव तेच असतं आणि आत निम्मा भाग वेगळा असतो.

जुळवताना तीन गोष्टी पाहा. पहिली म्हणजे भाषा. जर्मनीत मास्टर्सचे विषय इंग्रजीत बरेच मिळतात, पण बॅचलर्सचे बहुतांश जर्मनमध्येच असतात. बीईच्या विद्यार्थ्याला कधी कधी मास्टर्सचे विषय घ्यायची परवानगी मिळते, पण ती होस्ट विद्यापीठाच्या समन्वयकाकडून आधी मागावी लागते. दुसरी, विषय हिवाळी आहे की उन्हाळी. यादीत दिसणारा प्रत्येक विषय दर सेमिस्टरला नसतो. तिसरी, क्रेडिट. आपल्याकडे साधारण २० क्रेडिटचं सेमिस्टर असतं, तिकडे ३० ईसीटीएसचं. दोन्हींचं गुणोत्तर काय धरायचं हे तुमच्या कॉलेजने ठरवायचं असतं, आणि ते कागदावर यायला हवं.

मग हा तक्ता घेऊन विभागप्रमुखांकडे जा. सर किंवा मॅडम ‘काही काळजी करू नकोस, होऊन जाईल’ असं म्हणतील. ते मनापासून म्हणतात, पण वर्षभरात विभागप्रमुख बदलू शकतात, आणि परीक्षा विभाग फक्त सही-शिक्का ओळखतो. त्यामुळे लर्निंग अग्रीमेंटवर विभागप्रमुखांची सही, त्यासोबत परीक्षा विभागाची पोच, आणि शक्य असेल तर प्राचार्यांच्या सहीचं पत्र, इतकं घेऊनच निघा. कॉलेज स्वायत्त असेल तर हा निर्णय बहुधा कॉलेजातच होतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न कॉलेज असेल तर मान्यतेचा प्रश्न विद्यापीठापर्यंत जाऊ शकतो आणि वेळ जास्त लागतो. तुमचं कॉलेज कोणत्या प्रकारात येतं ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

सेमिनार, मिनी प्रोजेक्ट, ऑडिट कोर्स, लॅब यांना तिकडे थेट जोडीदार सापडत नाही. यांचं काय करायचं, आल्यावर सबमिशन द्यायचं की तिकडच्या एखाद्या प्रोजेक्टमध्ये धरायचं, हे लेखी मागा. टर्म ग्रँट आणि हजेरीचंही तसंच. तुम्ही वर्गात नसणार हे सगळ्यांना माहीत असतं, पण सिस्टीममध्ये तुमची हजेरी शून्यच दिसणार. परीक्षेचा फॉर्म भरायचा की नाही, आणि भरायचा तर कोणत्या शेऱ्यासह, हे परीक्षा विभागाच्या खिडकीवर स्वतः जाऊन विचारा. महाडीबीटीची शिष्यवृत्ती घेत असाल तर त्या वर्षीच्या नूतनीकरणाबद्दल कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागाला विचारायला विसरू नका.

गुणांचं रूपांतरही आधीच ठरवून घ्या. जर्मनीत १.० हा सर्वोत्तम गुण, ४.० म्हणजे काठावर पास आणि ५.० म्हणजे नापास. आकडा जितका लहान तितका निकाल चांगला. १.७ आपल्या दहाच्या मोजपट्टीवर किती होतो याचा तक्ता कॉलेजने आधी मान्य केलेला असेल तर परतल्यावर सीजीपीएवरून वाद होत नाही. अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा, म्हणजे क्रेडिट्स जमा होतात त्या सरकारी ऑनलाइन खात्याचा, आयडी काढलेला नसेल तर तोही काढून टाका.

शेवटी, लर्निंग अग्रीमेंटमध्ये लागतात त्यापेक्षा तीन-चार विषय जास्त मंजूर करून ठेवा. तिकडे गेल्यावर एखादा विषय भरलेला असतो, एखाद्याची वेळ दुसऱ्यावर येते. मंजूर विषय हाताशी असला की लगेच बदल करता येतो.

३. पासपोर्ट आणि नाव

पासपोर्ट नसेल तर आजच अर्ज करा. पुण्याचं पासपोर्ट सेवा केंद्र मुंढव्याला आहे, अपॉइंटमेंट ऑनलाइन मिळते, आणि नंतर पोलीस पडताळणी होते. हॉस्टेलवर किंवा भाड्याच्या खोलीत राहत असाल तर सध्याच्या पत्त्याचा पुरावा आधी जमवा, कारण पडताळणी त्याच पत्त्यावर होते. जुना पासपोर्ट असेल तर तो एक्स्चेंज संपल्यावरही काही महिने वैध राहायला हवा. मुदत जवळ आली असेल तर आधी नूतनीकरण करा आणि मगच होस्ट विद्यापीठाचा अर्ज भरा. अर्जात एक पासपोर्ट क्रमांक आणि व्हिसावर दुसरा, असं झालं की पत्रव्यवहार वाढतो.

आपल्या मार्कशीटवर नाव आडनावापासून सुरू होतं, मग स्वतःचं, मग वडिलांचं, आणि बाजूला आईचं. पासपोर्टवर दोनच रकाने असतात. जर्मन ऑफिसमध्ये शेवटचा शब्द आडनाव धरला जाण्याची शक्यता असते, आणि मग विम्याच्या कार्डावर तुमचं आडनाव म्हणून वडिलांचं नाव येतं. त्यामुळे सगळीकडे नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच, त्याच स्पेलिंगने भरा. पासपोर्ट आणि मार्कशीट यांत स्पेलिंगचा फरक असेल तर कॉलेजकडून बोनाफाईडवर दोन्ही नावं एकाच विद्यार्थ्याची असल्याचं लिहून घ्या.

४. भाषा

विषय इंग्रजीत असले तरी ए२ पर्यंत, म्हणजे प्राथमिक दोन पातळ्यांपर्यंत, जर्मन करून जा. महापालिकेची खिडकी, घरमालक, डॉक्टरांचं रिसेप्शन, सगळीकडे जर्मन लागतं. पुण्यात याची सोय इतर शहरांपेक्षा चांगली आहे. मॅक्स म्युलर भवन आहे, आणि फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. मॅक्स म्युलर भवनाच्या बॅचेस लवकर भरतात आणि परीक्षेच्या जागाही, त्यामुळे प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेची तारीख आधी धरा. इंग्रजीसाठी बऱ्याच होस्ट विद्यापीठांना कॉलेजचं ‘शिक्षणाचं माध्यम इंग्रजी’ असं पत्र चालतं. आयईएल्टीएसला पैसे घालण्याआधी तेवढं विचारून घ्या.

५. पैसे

व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाची तजवीज दाखवावी लागते. नेहमीचा मार्ग म्हणजे श्पेरकोंटो, म्हणजेच ब्लॉक्ड अकाउंट. सप्टेंबर २०२४ पासून त्याचा आकडा महिन्याला ९९२ यूरो, वर्षाला ११,९०४ यूरो असा ठरला. हा आकडा अधूनमधून बदलतो, त्यामुळे पैसे पाठवण्याच्या आठवड्यात वकिलातीच्या वेबसाइटवर बघूनच रक्कम ठरवा. हे पैसे खर्च होऊन गेले असं घरच्यांनी समजू नये. ते तुमचेच असतात, फक्त तिकडे गेल्यावर दर महिन्याला हप्त्याने मिळतात. डाड (डीएएडी ही जर्मन संस्था) किंवा इरास्मसची (युरोपियन युनियनची) शिष्यवृत्ती असेल तर तिचं पत्र या खात्याऐवजी, किंवा त्याच्या काही भागाऐवजी चालतं.

पैसे पाठवताना बँकेत ए२ नावाचा परदेशी रक्कम पाठवण्याचा फॉर्म भरावा लागतो, पॅन लागतं आणि शिक्षणासाठीचा पर्पज कोड एस०३०५ टाकावा लागतो. शाखेतल्या माणसाने चुकून दुसरा कोड टाकला तर टीसीएसचा, म्हणजे पैसे पाठवताना बँक कापून घेते त्या आगाऊ कराचा, हिशेब बदलतो. एप्रिल २०२५ पासून एका आर्थिक वर्षात दहा लाखांपर्यंत टीसीएस लागत नाही, आणि मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून जाणाऱ्या पैशांवरही लागत नाही. ब्लॉक्ड अकाउंटची रक्कम दहा लाखांच्या वर जाते, त्यामुळे वरच्या भागावर तो कापला जाईल. आईबाबांनी घाबरू नये, विवरणपत्र भरताना तो समायोजित होतो. दोघांच्या खात्यांतून रक्कम विभागून पाठवायची असेल तर आधी खातं उघडणाऱ्या कंपनीला ते चालतं का ते विचारा. शिवाय परदेशी बँकेचं शुल्क वाटेत कापलं जाऊन रक्कम काही यूरोंनी कमी पडू शकते. थोडे जास्तच पाठवा.

याच पायरीवर एक छोटं काम आहे. तुमच्या भारतीय सिमवर बँकेचे ओटीपी येतात. ते सिम चालू ठेवा, त्यावर रोमिंग सुरू करा आणि वर्षभराच्या रिचार्जची जबाबदारी घरातल्या एकाला द्या.

६. आरोग्य विमा आणि व्हिसा

तिशीच्या आतल्या विद्यार्थ्यांना जर्मनीचा सरकारी विमा विद्यार्थी दरात मिळतो, महिन्याला १४० यूरोंच्या पुढे. टीके, एओके, बार्मर यांसारख्या संस्थांकडे पुण्यातूनच ऑनलाइन नाव नोंदवता येतं. यातली फट अशी की हा विमा साधारणपणे सेमिस्टर सुरू होतं तेव्हापासून लागू होतो. तुम्ही सप्टेंबरच्या मध्याला पोहोचलात तर मधल्या दिवसांसाठी वेगळा प्रवास विमा घ्यावाच लागतो, आणि व्हिसासाठीही तो मागितला जातो.

महाराष्ट्रातले अर्जदार मुंबईच्या जर्मन वकिलातीखाली येतात. तुम्हाला राष्ट्रीय, म्हणजे डी प्रकारचा व्हिसा हवा. शेंगेनचा पर्यटन व्हिसा लवकर मिळतो म्हणून तो काढून जाण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, तिकडे जाऊन तो विद्यार्थी परवान्यात बदलता येत नाही. होस्ट विद्यापीठाचं पत्र आलं त्याच दिवशी अर्जाला लागा. पदवीसाठी जाणाऱ्यांना एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा दाखला, काढावं लागतं. एक्स्चेंजची यादी त्यांच्यापेक्षा वेगळी असते, त्यामुळे मित्राची यादी न वापरता वकिलातीच्या पानावरून आपल्या प्रकाराची यादी छापून घ्या आणि कागद त्याच क्रमाने लावा.

सहसा हे कागद लागतात:
– पासपोर्ट, आणि असल्यास जुने पासपोर्ट
– होस्ट विद्यापीठाचं प्रवेशपत्र किंवा निमंत्रणपत्र
– कॉलेजचं नामनिर्देशनाचं पत्र, बोनाफाईड आणि ना हरकत पत्र
– सह्या झालेलं लर्निंग अग्रीमेंट
– दहावी, बारावी आणि आतापर्यंतच्या सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट्स
– ब्लॉक्ड अकाउंटचं किंवा शिष्यवृत्तीचं पत्र
– विम्याचे कागद, मधल्या दिवसांच्या प्रवास विम्यासह
– भाषेचा पुरावा
– सीव्ही आणि जाण्याचा हेतू सांगणारं पत्र
– ३५ बाय ४५ मिलिमीटरचे बायोमेट्रिक फोटो

हेतूपत्र इंटरनेटवरून उचलू नका. कोणते विषय घेणार, ते तुमच्या पुण्याच्या पदवीत कसे बसतात आणि परत येऊन काय पूर्ण करणार, एवढं एका पानात स्वतःच्या शब्दांत लिहा. पायरी २ नीट केली असेल तर हे पत्र तासाभरात होतं. अपोस्टिल, नोटरी, भाषांतर असं काही एजंट सुचवेल. यादीत नसेल तर एक रुपयाही देऊ नका.

७. खोली

व्हिसाची वाट बघत बसू नका, खोलीचा अर्ज त्याआधीच करा. पहिली पसंती विद्यार्थी वसतिगृहाला द्या. श्टुडीरेंडनवेर्क नावाची संस्था ही वसतिगृहं चालवते, आणि अनेक विद्यापीठं एक्स्चेंजवाल्यांसाठी त्यांतल्या काही खोल्या राखून ठेवतात. त्या मागणाऱ्याला मिळतात, आपोआप मिळत नाहीत. होस्टच्या फॉर्ममध्ये खोलीचा रकाना असतो, तो रिकामा सोडू नका.

वसतिगृह नाही मिळालं तर शेअरिंगमधली खोली शोधावी लागते, आणि इथे फसवणूक होते. घरमालक परदेशात असल्याचं सांगतो, फोटो सुंदर पाठवतो, किल्ली कुरिअरने येईल म्हणतो आणि डिपॉझिट आधी मागतो. असे पैसे पाठवू नका, भाडं कितीही कमी असलं तरी. कायद्याने डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं असतं. मूळ भाडं म्हणजे हीटिंगशिवायचं, त्यामुळे भाडं विचारताना हीटिंगसकट किती ते विचारा.

आणि प्रत्येकाला एक प्रश्न न चुकता विचारा: या पत्त्यावर आनमेल्डुंग करता येईल का? म्हणजे महापालिकेत तुमचं नाव नोंदवायला घरमालक लेखी दाखला देईल का? तो नाही म्हणाला तर ती खोली घेऊ नका.

८. बॅग

जाड कोट पुण्यातून घेऊ नका. तिकडे जुना, चांगला आणि स्वस्त मिळतो, आणि निघून जाणारे विद्यार्थी तर फुकटही देतात. इथून थर्मल, एक जॅकेट आणि चांगले बूट पुरतात. चष्म्याचा जादा जोड, दातांची राहिलेली कामं, आणि नेहमीची औषधं डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, हे उरकून घ्या.

छोटा कुकर न्याच, पण इंडक्शनवर चालणारा घ्या. वसतिगृहात गॅस नसतो. तुळशीबागेतून मसाल्याचा छोटा डबा आणि लाटणं घेतलं की स्वयंपाकघर झालं. आपली दोन बारीक पिनांची प्लग तिकडे चालते, तीन पिनांची चालत नाही. दोन अॅडॅप्टर ठेवा.

खाण्याच्या बाबतीत आयांनी हे नीट वाचावं. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे घरचं साजूक तूप, पेढे, खव्याची मिठाई, सगळं बॅगेतून काढा. सापडलं तर जप्त होतं आणि दंडही होऊ शकतो. ताजा कढीपत्ता आणि आंबेही नकोत. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, कोरड्या चटण्या, चिवडा यांनी जागा भरा. दुबई किंवा अबू धाबीवरून जाणार असाल तर खसखस अजिबात नको, तिथे ती बेकायदा आहे. अनारशांवर असते, बाकरवडीत आणि काही मसाल्यांतही असते. पाकिटावरचे घटक वाचा आणि घरच्या मसाल्यात घातली आहे का ते आईला विचारा.

कागद सगळे हातातल्या बॅगेत ठेवा. मूळ प्रती, झेरॉक्सचा एक संच, आणि स्कॅन ईमेलवर.

९. तारीख आणि विमान

बहुतेकांना विमान मुंबईहून असतं. शिवनेरी दादरला सोडते, तिथून पुढे सामान घेऊन टॅक्सी करावी लागते. विमानतळावर सोडणारी शेअर टॅक्सी सोपी पडते. सप्टेंबरात पाऊस असतो आणि घाटात ट्रॅफिक कधी थांबेल सांगता येत नाही. विमानाच्या आठ तास आधी पुणं सोडा.

पोहोचण्याचा दिवस तिकीट काढताना ठरवा. मंगळवार, बुधवार उत्तम. वसतिगृहाची किल्ली देणारा माणूस ऑफिसच्या वेळेतच असतो, आणि रविवारी दुकानंही बंद असतात. ३ ऑक्टोबरला जर्मनीत राष्ट्रीय सुट्टी असते, त्या दिवशी उतरू नका.

१०. पहिले दोन आठवडे

इथेही क्रम महत्त्वाचा आहे. सरकारी ऑफिसात टेर्मिन, म्हणजे आधी ठरवलेली वेळ लागते. मोठ्या शहरांत ती आठवडे मिळत नाही, त्यामुळे आनमेल्डुंगची टेर्मिन पुण्यात बसूनच ऑनलाइन घ्या.

पोहोचल्यावर आधी खोलीचे फोटो काढा आणि भिंतीवरचे डाग, तुटलेलं कपाट, सगळं हस्तांतराच्या कागदावर लिहून घ्या. डिपॉझिट परत मिळणं त्यावर ठरतं. त्याच दिवशी टपालपेटीवर आपलं नाव लावा. तिकडे पोस्टमन पेटीवरचं नाव बघूनच पत्र टाकतो. बँकेचं कार्ड, पिन, विम्याचं कार्ड, सगळं टपालाने येतं आणि नाव नसेल तर परत जातं.

मग घरमालकाचा दाखला घेऊन आनमेल्डुंग करा. कायद्याने राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत ती करायची असते. टेर्मिन उशिराची मिळाली असेल तर बुकिंगचा पुरावा जपून ठेवा. त्यानंतर बँक खातं, मग ब्लॉक्ड अकाउंट त्या खात्याला जोडणं. हप्ता सुरू व्हायला थोडे दिवस लागतात, त्यामुळे पहिल्या महिन्याचं भाडं, डिपॉझिट आणि खाणं निघेल इतके पैसे फॉरेक्स कार्डावर आणि थोडे रोख ठेवा. विद्यापीठात नाव पक्कं होण्यासाठी विमा संस्थेकडून विद्यापीठाला थेट संदेश जावा लागतो, तो गेला का ते विचारा. सेमिस्टरच्या वर्गणीत प्रवासाचं तिकीट धरलेलं आहे का ते पाहिल्याशिवाय वेगळा पास काढू नका.

व्हिसावरची शेवटची तारीख बघा. ती तुमच्या मुक्कामाआधी संपत असेल तर राहण्याच्या परवान्यासाठी आउसलेंडरबेहोर्डे या ऑफिसात अर्ज लगेच करा. मुदत संपण्याआधी अर्ज गेला असेल तर निर्णय होईपर्यंत तुमचं राहणं कायदेशीर असतं.

नोंदणीनंतर रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येईल. ते फेकू नका. घरामागे महिन्याला १८.३६ यूरो असतात आणि शेअरिंगमध्ये एकानेच भरायचे असतात. सोबत राहणारा आधीच भरत असेल तर त्याचा क्रमांक कळवला की झालं.

तब्येतीसाठी दोन नंबर पाठ करा. जीवघेण्या प्रसंगी ११२, आणि रात्री-अपरात्री ताप वगैरे आला तर डॉक्टरांसाठी ११६११७.

नोव्हेंबर-डिसेंबर जड जातो. साडेचारला अंधार पडतो, घरची दिवाळी फोनवर दिसते. आईबाबांनी फोनची वेळ ठरवून घ्यावी. वेळेचा फरक उन्हाळ्यात साडेतीन तास आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून साडेचार तास असतो. आणि मुलांनी संध्याकाळी खोलीत एकटं बसू नये. विद्यापीठाचे खेळाचे वर्ग स्वस्त असतात, त्यांत नाव घाला. मोठ्या शहरांत मराठी मंडळीही भेटतात. मन फारच खचलं तर श्टुडीरेंडनवेर्कचं समुपदेशन असतं, तिथे जायला संकोच करू नका.

११. वर्ग सुरू झाल्यावर

कायद्याने वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, पण पहिल्या सेमिस्टरला नोकरी धरू नका असं माझं मत आहे. तिकडे रोजची हजेरी आणि सबमिशन फारसं नसतं, सगळा भार एका परीक्षेवर असतो, आणि ही पद्धत अंगवळणी पडायला तीन-चार महिने लागतात.

वेळापत्रकात १० सी.टी. लिहिलं असेल तर लेक्चर सव्वादहाला सुरू होतं, एस.टी. असेल तर ठीक दहाला.

पहिल्या पंधरवड्यात विषय बदलायचा असेल तर मंजूर यादीतलाच घ्या. यादीबाहेरचा घ्यावाच लागला तर आधी विभागप्रमुखांना ईमेल करा, होकार लेखी येऊ द्या, लर्निंग अग्रीमेंटच्या बदलाच्या पानावर दोन्हीकडच्या सह्या घ्या आणि मगच जुना विषय सोडा.

आणि परीक्षेची नोंदणी. वर्गात बसलात, पोर्टलवर विषय घेतलात म्हणून परीक्षेला बसता येईल असं समजू नका. बहुतेक विद्यापीठांत परीक्षेसाठी वेगळी नोंदणी करावी लागते, तिची खिडकी सेमिस्टरच्या मध्यावर थोडेच दिवस उघडी असते, आणि मुदत गेली की प्राध्यापकांनाही काही करता येत नाही. एक्स्चेंजवाल्यांची नोंदणी काही ठिकाणी पोर्टलवर न होता परीक्षा ऑफिसात कागदावर होते. पहिल्याच आठवड्यात प्रत्येक विषयाची तारीख आणि पद्धत विचारा, नोंदणी झाली की पोचपावती उतरवून घ्या, आणि तिची एक प्रत पुण्यातल्या परीक्षा विभागाला त्याच दिवशी ईमेल करा.